सही न झालेलं पहिलं पान

दादा,

तुमच्यावर दीडशे शब्द लिहून द्या, असं मला ऑफिसातून सांगितलं होतं. हिंदीत, जरा भावुक, आणि शेवटची ओळ पक्की: नव्या रूपातला हा पेपर म्हणजे दिनकरजींची वाचकांना आखरी भेट. जागासुद्धा सोडून ठेवली होती. पहिल्या पानावर, पेपरच्या नावाखाली, डाव्या हाताला दोन कॉलम, वर तुमचा फोटो. त्या जागेवर तुम्ही कुणाला कधी जाहिरात लावू दिली नाही, आणि आता तिथे तुम्हालाच बसवायला निघाले होते.

ते दीडशे शब्द मी लिहिले नाहीत. त्याऐवजी हे लिहितेय. कुठे छापून येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. मराठीत लिहितेय, कारण आपण भांडायचो ते मराठीत. त्या हिंदी पेपरच्या अख्ख्या न्यूजरूममध्ये मराठी घरातले आपण दोघंच. काम हिंदीत, सॉफ्टवेअर इंग्रजीत, आणि आवाज चढला की मराठी. डेस्कवरचा कोणीतरी म्हणायचा, “लो भिया, मराठी चालू हो गई,” आणि उठून तुमच्या केबिनचं दार ओढून घ्यायचा. त्यांना वाटायचं आपल्याला गुपचूप भांडायचंय. खरं तर आपल्याला फक्त मोकळेपणी भांडायचं असायचं.

आधी राग सांगते, बाकीचं नंतर. वाद अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? “उद्या बोलू,” म्हणालात. पार्किंगमध्ये, स्कूटर स्टँडवरून काढता काढता. मी त्या उद्याची तयारी करून बसले होते. घरी जाऊन माझे मुद्दे काढले, तुमचे कोणते येतील ते काढले, त्यांची उत्तरं काढली. सकाळी वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या, तुम्ही रात्रीच गेलात असं त्यांनी सांगितलं, आणि मी काय बोलले असेन? “पण आज आमची मीटिंग आहे.” असं कोणी बोलतं का? मी बोलले. वहिनींना ते आठवत नसावं अशी आशा आहे.

वाद काय होता हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मला तो एकदा नीट, पहिल्यापासून मांडायचाय, कारण तुम्ही गेल्यावर तो जो तो आपल्या सोयीने मांडतोय.

वर्षभर आपण पेपरचं रूप बदलत होतो. कागदावरचा पेपर आणि मोबाइलवरचं ॲप, दोन्ही एकाच हाताने केलेलं वाटलं पाहिजे, असा हुकूम होता छोटे भैयांचा, म्हणजे मालकांच्या धाकट्या मुलाचा. कागद तुमच्याकडे, मोबाइल माझ्याकडे. तुम्ही त्या पेपरची पानं तीस-एक वर्षं लावत आलेले. मी पुण्यात न्यूज वेबसाइटची कामं करून, आई एकटी पडली म्हणून इंदूरला परतलेली. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, “पुण्यात राहून मराठी सुधारली का बिघडली?” मी म्हटलं, “सुधारली.” तुम्ही म्हणालात, “मग इथे लवकरच ठीक होऊन जाईल, टेन्शन नको घेऊ.” मी पानावर मोकळी जागा सोडायचे त्यावर तर तुमची रोजची टिप्पणी ठरलेली. “एवढी जागा रिकामी सोडलीस मधुरा, प्लॉट कापून विकायचाय का?”

तुमच्या एका नियमाने मला पहिले काही महिने रडकुंडीला आणलं. पहिल्या पानावरची बातमी लांबली तर तिचा उरलेला भाग जायचा तो फक्त पान दोन, पंधरा किंवा सोळावर. बाकी कुठेही नाही. नऊ नंबरचं पान रिकामं पडलेलं असलं तरी नाही. शेवटच्या, म्हणजे सोळाव्या पानासाठी जाहिरातवाले तुमच्या दारात उभे असायचे, तुम्ही त्यांना हात जोडून परत पाठवायचे. मी चिडून कारण विचारलं. तुम्ही कारण दिलं नाही. म्हणालात, “सकाळी पोहे खायला ये.”

राजवाड्याच्या अलीकडचं ते दुकान. बाकड्यावर एका दुसऱ्याच पेपरची एकुलती एक प्रत, आणि ती आल्या आल्या लोकांनी वाटून घेतलेली. एकाकडे बाहेरचा कागद, एकाकडे खेळाचा, एकाकडे शहराचा. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पोह्यांची प्लेट, कढईजवळ जिलबीसाठी घाई चाललेली. पहिलं पान वाचणारा एक गृहस्थ ‘शेष पेज ९ पर’ इथे पोचला आणि मान वर करून नऊ नंबरचं पान शोधायला लागला. ते होतं कोपऱ्यातल्या माणसाकडे, आणि तो काही एवढ्यात सोडणारा नव्हता. गृहस्थांनी थोडी वाट बघितली, मग कागद ठेवला आणि पोह्यांवर अजून सेव मागितली. बस, त्यांची बातमी तिथे खतम.

“बघितलं?” तुम्ही म्हणालात. “अख्खा पेपर कोणी नाही वाचत ग. कागद कागद वाचतात. एक, दोन, पंधरा, सोळा, ही चार पानं एका कागदावर असतात. माणसाने जो कागद उचलला, त्यावर सुरू झालेली खबर त्याच कागदावर संपली पाहिजे. उडी मारायची तर तिथल्या तिथे.”

मी हसले. डिझाइनचा नियम पोह्याच्या दुकानातून काढणारे तुम्ही एकटेच असाल, असं काहीतरी बोलले. पण पुण्यातल्या सगळ्या मित्रांना मी ही गोष्ट सांगितली, दादा, आणि प्रत्येक वेळी अभिमानाने सांगितली. तुम्हाला कधी सांगितली नाही की मी ती सांगत फिरते.

आणि तुम्ही सगळीकडे बरोबर होता असंही नाही, हे इथे लिहून ठेवते. सांवेरची चक्कर आठवतेय ना? तुम्हाला सिद्ध करायचं होतं की गावाकडचा वाचक मोबाइलवर पेपर वाचत नाही. माझीच गाडी, माझंच पेट्रोल, आणि वाट दाखवायला तुम्ही. सांवेरच्या बसस्टँडवर सोयाबीन विकायला निघालेल्या एका काकांना तुम्ही आपल्या पेपरातलं मंडीच्या भावांचं पान दाखवलंत, मोठ्या प्रेमाने. काकांनी एक नजर टाकली आणि खिशातून फोन काढला. “बा साब, यो तो काल को भाव हे,” म्हणाले, आणि आजचा भाव तुमच्यासमोर धरला. मी तोंड फिरवून उसाच्या रसाचा गाडा बघत राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं. परत येताना सांवेर रोडचे कारखाने लागेपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणालात, “भाव ठीक आहे. भाव जाऊ दे फोनवर. खबर नाही जाणार.”

तुम्ही असेच हरायचे. एवढा एवढा तुकडा तोडून द्यायचा, आणि बाकीचं घट्ट धरून ठेवायचं.

आईचंही तसंच. आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी खायला आलात, तेव्हा आई दोन बोटांनी फोनवरची अक्षरं मोठी करून, ओळ ओळ सरकवत बातम्या वाचत होती. तुम्ही विचारलंत, “काकू, आमचा पेपर नाही वाचत?” आई म्हणाली, “तुमचा पेपर मुंग्यांसाठी आहे रे बाबा. माणसांच्या डोळ्यांना नाही दिसत.” तुम्ही खिचडीकडे बघत राहिलात. मला वाटलं राग आला. पुढच्या आठवड्यात डमी आली, म्हणजे पानांचा छापलेला नमुना, तर सगळ्या बातम्यांची अक्षरं मोठी झालेली, त्यासाठी एक कॉलम कमी केलेला, आणि जाहिरात विभागात बोंबाबोंब. तुम्ही आईचं नाव काढलं नाहीत. मी तेव्हा थँक यू म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, दोन ओळींमधली जागा कमी पडतेय. तुम्ही चष्मा वर केलात, बघितलंत, “बरोबर है,” म्हणालात आणि बदल करायला बसलात. माझ्यावर एवढा विश्वास टाकणारा माणूस मला नोकरीत दुसरा भेटलेला नाही.

आता मूळ भांडण. पहिल्या पानावरच्या बातम्या छोट्या करायच्या, प्रत्येकीखाली क्यूआर कोडचा चौकोन द्यायचा, आणि ‘पूरी खबर ऐप पर’. ही कल्पना माझी होती. छोटे भैयांना ती इतकी आवडली कारण त्यांना ॲप वाढवायचं होतं. मला आवडली होती कारण मला ती बरोबर वाटत होती. आजही वाटते, पूर्ण नाही पण बरीच. लोक पहिलं पान चहा निवेपर्यंत बघतात. ज्याला अजून पाहिजे त्याच्या खिशात फोन आहे. पोह्याच्या दुकानात नऊ नंबरचं पान शोधणाऱ्या त्या गृहस्थांच्या खिशातसुद्धा होता. हे मी तुम्हाला म्हटलं तेव्हा तुम्ही भडकलात. “त्याने पेपर विकत घेतलाय, मधुरा. अर्धी खबर हातात देऊन बाकीची तिकडे जाऊन वाच म्हणायचं? दुकानदार असं करेल तर त्याला काय म्हणतात?” मी म्हटलं, “दादा, तो आधीपासून तिकडेच आहे. आपणच इकडे उभे आहोत.” आठवडेच्या आठवडे हे चाललं. केबिनचं दार रोज ओढलं जायचं.

पण चाचणीच्या छपाईला आपण सांवेर रोडवरच्या प्रेसमध्ये गेलो, तेव्हाचं मी विसरू शकत नाही. पेपरच्या कागदावर शाई पसरली, चौकोन काळे झाले आणि माझ्या फोनला एकही कोड वाचता येईना. तुम्ही खूश व्हायला पाहिजे होतं. तुम्ही पान उजेडात धरलंत आणि म्हणालात, “चौकोन मोठा कर. आजूबाजूला पांढरी पट्टी सोड, तुझ्या प्लॉटसारखी. आणि काळा एकटा ठेव, रंग नको मिसळू.” दुसऱ्या खेपेला सगळे कोड चालले. मी विचारलं, “तुम्हाला तर हे नकोच होतं ना?” तुम्ही म्हणालात, “नकोच आहे. पण छापायचं तर नीट छापायचं.” हीच गोष्ट पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाईल हे तेव्हा मला कुठे माहीत.

मग ती शेवटची मीटिंग. टेबलाभोवती छोटे भैया, संपादक, जाहिरातवाले, तुम्ही आणि मी. मध्ये अंतिम डमी. आपल्याकडे रीत अशी की अंतिम डमीच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही लाल पेनने सही करणार, आणि मगच ते पान पक्कं. बाकी सगळे डमी बघत होते. तुम्ही वाचत होता. वरची बातमी नमुन्यासाठी घेतलेली होती, एका गोदामाला लागलेल्या आगीची. आत मजूर अडकलेत, दमकलच्या, म्हणजे अग्निशामक दलाच्या, गाड्या पोचल्यात, आणि तिथे माझा चौकोन. तुम्ही पेनचं टोपण काढलेलं होतं. मान वर न करता विचारलंत, “भैया, ये लोग बचे कि नहीं?”

कोणीतरी हसलं. छोटे भैया म्हणाले, “दिनू भिया, वो ऐप पे है ना.”

तुम्ही टोपण लावलंत, पेन खिशात ठेवलंत. “तो फिर मेरी साइन भी ऐप पे ले लेना.” आणि उठून गेलात. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मी मागे धावले. पार्किंगमध्ये गाठलं. “सगळ्यांसमोर असं करायची गरज होती का, दादा?” माझा आवाज चढलेला. तुमचा नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. तुम्ही हेल्मेट हातात धरून म्हणालात, “तुझी अक्षरं चांगली आहेत, मधुरा. जागा सोडतेस ती पण छान सोडतेस. पण तू...” आणि थांबलात. मी म्हटलं, “पण मी काय?” तुम्ही हात हलवलात. “उद्या बोलू. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.” त्या ‘पण तू’च्या पुढे काय होतं? मी रोज वेगळं वाक्य लावून बघते. काही वाक्यांत तुम्ही मला झाडता, काहींत नाही. रागावलेली वाक्यं जास्त खरी वाटतात.

तेरावा झाला आणि छोटे भैयांनी मला बोलावलं. संपादक तिथे होते, टेबलाच्या काचेकडे बघत. छोटे भैया म्हणाले, “मधुराजी, अपन दिनू भिया को ऐसे ही नहीं जाने देंगे,” आणि फोटोची ती जागा दाखवली. आखरी भेट वगैरे. दीडशे शब्द मी लिहायचे, कारण सगळ्यांत जवळची मी.

मी म्हटलं, “भैया, उन्होंने साइन नहीं की थी.”

“अरे, वो तो एक दिन की नाराज़ी थी. अगले दिन मान जाते. कोड का साइज़ तो खुद उन्होंने ठीक करवाया था प्रेस में. आप ही तो बता रही थीं.”

मीच सांगितलं होतं. कौतुकाने सांगितलं होतं. आणि ते वाईट माणूस नाहीत, दादा, तुम्हालाही माहितीये. त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, या बिल्डिंगमध्ये चालायला शिकलो तेव्हापासून त्यांना बघतोय. त्यांना खरंच वाटत होतं की ते तुमचा मान करताहेत.

आणि मला काय वाटलं ते पण ऐका. वाटलं, हो म्हणून टाकावं. तुम्ही आदल्या दिवशी अडायचे आणि दुसऱ्या दिवशी एवढा एवढा तुकडा तोडून द्यायचे, हे माझ्याइतकं कोणाला माहितीये? मंडीचे भाव दिलेत, अक्षर मोठं केलंत. हेही दिलं असतं कदाचित. आणि तुमचं नाव एकदा त्या पानावर बसलं की इंदूरमध्ये माझ्या डिझाइनला नावं ठेवायची कुणाची हिंमत झाली असती? वर्षभराचं भांडण मी एका फोटोत जिंकले असते.

“भाभीजी से बात हो गई है,” छोटे भैया म्हणाले. “बहुत खुश हैं.”

मी त्याच दिवशी रामबागला, तुमच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, मला हाताला धरून बसवलं आणि पहिलंच विचारलं, “मधुरा, खरंच त्यांचं नाव येणार?” मला क्षणभर कळलंच नाही त्या एवढ्या का हरखल्यात. मग कळलं. इतकी वर्षं तुम्ही बाकीच्यांची नावं पानावर बसवत आलात. वार्ताहराचं नाव, फोटोवाल्याचं नाव, पाककृती पाठवणाऱ्या बाईंचं नाव. पान लावणाऱ्याचं नाव कोणी छापत नाही. वहिनी म्हणाल्या, “माझ्या सख्ख्या भावाला वाटायचं हे प्रेसमध्ये मशीन चालवतात. समजावून समजावून थकले मी. आता छापूनच येऊ दे. कापून फ्रेम करणार आहे.” त्यांनी भिंतीवरची जागापण दाखवली, तुमच्या फोटोशेजारी.

मी चहा प्यायले. सांगायला गेले होते ते सांगितलं नाही.

नवा पेपर निघायच्या आदल्या दुपारी मी छोटे भैयांना म्हटलं, दोनच रस्ते आहेत. उद्याच्या पहिल्या पानावर सगळ्या बातम्या पूर्ण द्या, कोड काढा, आणि मग दिनूदादांचं नाव लावा. नाहीतर कोड ठेवा आणि आतल्या पानावर त्यांच्यावर खरं लिहू द्या, की हा माणूस या डिझाइनशी सहमत नव्हता आणि तरी त्यातलं अर्धं चांगलं काम त्याचं आहे.

“लॉन्च के दिन मैं असहमति छापूँ?” ते उभे राहिले. “और डिज़ाइन तो आपकी ही है, मधुराजी. आप लड़ किससे रही हैं?”

चांगला प्रश्न होता. मी हिंदीत सुरुवात केली आणि आवाज चढला तशी मराठीत गेले. “मला हा वाद जिंकायचाच होता. पण त्यांच्यासमोर बसून. मेलेल्या माणसाची सही मी घेणार नाही, भैया. ते बोलू शकत नाहीत म्हणून ते हो म्हणाले असं मी लिहिणार नाही.” बोलून झालं तेव्हा लक्षात आलं, समोर मराठी समजणारं कोणीच नाही. दारही कोणी ओढून घेतलेलं नव्हतं, सगळा डेस्क बघत होता. परत हिंदीत सांगायची ताकद उरली नव्हती. छोटे भैयांना शब्द नाही पण अर्थ पोचला असावा. म्हणाले, “तो फिर नाम हटा दीजिए.”

मी हटवलं. माझ्याच हातांनी. फोटोची चौकट निवडली, डिलीट केली, आणि तिथे मौसमचा रकाना बसवला. डमी बाहेर आली. सहीच्या कोपऱ्याला या वेळी कोणी हात लावला नाही. पान तसंच गेलं.

पेपर निघाला, दादा. बऱ्याच लोकांना आवडला. बऱ्याच लोकांनी फोन करून विचारलं, बाकी खबर कुठे गेली. आई म्हणाली, अक्षर छान दिसतंय. कोण बरोबर होतं हे मला अजून ठरवता येत नाही, आणि तुमच्याशिवाय ते ठरवण्यात काही मजाही नाही. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी आधी तुमच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. दिवाणावर पेपरचे सगळे कागद सुटे करून पसरलेले. वहिनी चष्मा लावून मधोमध बसलेल्या, शेजारी कात्री. मला बघून म्हणाल्या, “आतल्या पानावर आहे का ग? केव्हाची शोधतेय. मला सापडत नाही.”

मी खाली बसले आणि सांगितलं. “नाही वहिनी. कुठेच नाही. मी काढायला लावलं.”

“तू?”

मग सगळं सांगितलं. गोदामाची आग, पेनचं टोपण, पार्किंग, दीडशे शब्द. माझं झाल्यावर म्हणाल्या, “भांडून आलेत हे मला माहीत होतं. त्या रात्री वरणभात कालवून तसाच ठेवला होता ताटात.” मग त्यांनी एक एक कागद उचलून घडी घालायला सुरुवात केली. पानांचा क्रम चुकला होता, तो त्यांनी लावला नाही. सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला.

“तू बरोबर केलंस, हे मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “पण आज ते मी म्हणणार नाही.”

मी दारापर्यंत आले. मागून त्यांचा आवाज आला. “येत जा. पेपर मात्र नको आणूस. पेपरवाल्यालापण सांगते, उद्यापासून टाकू नको म्हणून.”

मी जाते. आम्ही बोलतो, आईच्या डोळ्यांबद्दल, त्यांच्या भावाबद्दल, भाजीबद्दल. चहा होतो. दादा, तुमच्या घरी आता पेपर येत नाही.